डब्ल्यूएमआय प्रोव्हायडर होस्ट ही प्रोसेस कुणाची? टायपिंग अडखळतंय, पंखा थांबत नाही

अक्षरजुळणी_चरई

नमस्कार मंडळी. जाणकारांची मदत हवी आहे, आणि जरा घाईनं हवी आहे.

मी ठाण्यात चरईत राहते, घरूनच डीटीपीची कामं घेते. सध्या सोसायट्यांच्या वार्षिक अहवालांचे दिवस आहेत. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असल्यामुळे सगळ्यांचे ताळेबंद एकदमच हातात येतात. त्यात मंडळांची पावतीपुस्तकं आणि एका वाचनालयाची स्मरणिका. अशा वेळी मशीन बसलं तर पानं छापखान्यात वेळेवर पोचणार नाहीत, आणि लोकांची सभेची नोटीस तर निघालेली असते.

मशीन असं आहे: आय५-८४०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, विंडोज ११. सिस्टीम एसएसडीवर आहे, जुनी कामं वेगळ्या हार्ड डिस्कवर. काल-परवापर्यंत बिनतक्रार चालत होतं.

आता होतं असं, की लेआउटच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘संस्थेच्या’ असं टाइप करून माझं बोट पुढच्या शब्दावर गेलेलं असतं आणि पडद्यावर ‘संस्थ’ एवढंच असतं. मात्रा आणि पुढचं ‘च्या’ मागून धावत येतात. पान उलटलं की कर्सरचं चक्र फिरत राहतं. ताळेबंदाच्या तक्त्यात एक रकाना सरकवायचा तर माउस सोडल्यावर रेघ जागेवरून हलायला वेळ घेते. आकड्यांच्या कामात हे फार धोक्याचं आहे. एखादा शून्य दोनदा पडला तर सभेत सेक्रेटरीला उत्तर द्यावं लागतं.

टास्क मॅनेजर उघडला तर वरच ‘डब्ल्यूएमआय प्रोव्हायडर होस्ट’ नावाची प्रोसेस दिसते. डिटेल्सच्या टॅबमध्ये तिचा सीपीयू १६-१७ वर अडकलेला, खाली येतच नाही. एंड टास्क केलं तर जाते आणि चहाचं आधण ठेवून येईपर्यंत परत हजर. खाली ‘फॉन्ट-डीआरव्ही-होस्ट’ म्हणून आणखी एक दिसली. तिच्यापुढे युजरचं नाव ‘यूएमएफडी-०’ लिहिलंय. हा कोण? माझ्या मशीनवर माझ्याशिवाय कुणाचंही खातं नाही. ते बघून मात्र पोटात गोळा आला.

जवळच्या एका तंत्रज्ञांना फोन केला. ते म्हणाले, ‘आणून द्या, फॉरमॅट मारून देतो.’ मला फॉरमॅट नको आहे. वर्षानुवर्षं जमवलेले फॉन्ट, प्रत्येक छापखान्याच्या वेगळ्या सेटिंग्ज, जुन्या आणि नव्या टायपिंगचे कीबोर्ड, हे सगळं परत बसवायला ऐन हंगामात कुठून वेळ आणू? आणि मूळ कारण कळलंच नाही तर फॉरमॅटनंतर ते परत येणार नाही कशावरून?

ही प्रोसेस नेमकी कुणाची, आणि तिला कामाला कोण लावतंय, हे कसं शोधायचं?

---

वागळे_इस्टेट_२४

ताई, सर्व्हिसेसमध्ये जाऊन ‘विंडोज मॅनेजमेंट इन्स्ट्रुमेंटेशन’ शोधा, डिसेबल करा, रिस्टार्ट मारा. प्रोसेस गायब होईल. माझ्या ऑफिसच्या मशीनवर मी तेच केलंय.

---

नेरूळ_दुरुस्तीवाला

वरचा उपाय कृपया करू नका. ती सेवा बंद केली की प्रोसेस नक्की जाते, पण विंडोजमधल्या बऱ्याच गोष्टी तिच्यावर उभ्या आहेत. सुरक्षेची माहिती दाखवणाऱ्या सेवेपासून अनेक प्रोग्रॅमना मशीनबद्दलची माहिती तिथूनच मिळते. पुढे भलतंच काहीतरी बंद पडेल आणि त्याचा संबंध इथे आहे हे कुणाच्या लक्षातही येणार नाही.

ताई, नेरूळ स्टेशनजवळ माझं दुरुस्तीचं दुकान आहे. या नावाखाली तक्रारी नेहमी येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

डब्ल्यूएमआय ही विंडोजची चौकशी खिडकी आहे. डिस्क किती भरली, कोणते प्रिंटर जोडलेत, अँटिव्हायरस चालू आहे का, असे प्रश्न इतर प्रोग्रॅम तिथे विचारतात आणि प्रोव्हायडर होस्ट उत्तर शोधून देतो. खिडकीमागचा माणूस घामाघूम दिसतोय म्हणून त्याला हाकलून उपयोग नाही. समोर उभा राहून तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणारा कोण आहे, ते बघायचं. तुम्ही एंड टास्क करता, विचारणाऱ्याचा पुढचा प्रश्न येतो आणि विंडोज नवा माणूस बसवतं. म्हणून ती परत येते.

आधी खात्री करा की ही खरी विंडोजचीच आहे. डिटेल्समध्ये नावावर राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’. फोल्डर सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टीम३२, त्यात डब्ल्यूबीईएम असा हवा. ३२-बिटवाली असेल तर सिस्टीम३२ च्या जागी सिसवॉव६४ दिसेल, तेही बरोबर. यांच्याऐवजी टेम्प, ॲपडेटा, डाउनलोड्स असं काही दिसलं तर तिथेच थांबा, इंटरनेटची वायर काढा आणि इथे लिहा. नाव कुणीही कुठलंही ठेवू शकतो, पण सिस्टीम३२ मध्ये फाइल घालायला ॲडमिनची परवानगी लागते. म्हणून नावापेक्षा पत्ता बघायची सवय लावायची.

मागे वाशीहून एक लॅपटॉप आला होता. घरात कुणी हात लावत नसतानाही पंखा घोंघावायचा, टास्क मॅनेजर उघडला की एकदम शांत. असं झालं की संशय घ्यायलाच हवा, कारण चोरून क्रिप्टोचं मायनिंग करणारे, म्हणजे तुमच्या मशीनच्या ताकदीवर दुसऱ्यासाठी आभासी चलन कमावणारे काही प्रोग्रॅम टास्क मॅनेजर उघडल्याचं ओळखतात आणि तेवढ्यापुरते थांबतात. त्या लॅपटॉपवर फाइलचं नाव ‘एसव्हीसी होस्ट’ होतं, अगदी विंडोजच्या फाइलसारखं, पण ती बसली होती युजरच्या ॲपडेटा फोल्डरात. खरी एसव्हीसी होस्ट सिस्टीम३२ मध्ये असते आणि तिला ‘सर्व्हिसेस’ ही प्रोसेस जन्म देते. ही आली होती फुकटात विंडोज ॲक्टिव्हेट करून देणाऱ्या एका जुगाडातून. अशा वेळी साफसफाईनंतर बँकेचे आणि मेलचे पासवर्ड दुसऱ्या चांगल्या मशीनवरून बदलायचे असतात, नुसती फाइल उडवून भागत नाही. सर्ट-इन या सरकारी संस्थेचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून आहे, त्यांच्या संकेतस्थळावर अशी घाण काढायची साधनं मोफत मिळतात.

तुमचं प्रकरण तसं वाटत नाही. टास्क मॅनेजर उघडा असतानाही आकडा खाली येत नाही, ही एक गोष्ट. दुसरी जास्त बोलकी आहे. तुमच्या प्रोसेसरला सहा कोअर, म्हणजे काम करणारे सहा भाग आहेत आणि धागेही (थ्रेड, एका वेळी चालणारी कामं) सहाच. शंभरला सहानं भागा, साडेसोळाच्या वर येतात. म्हणजे एक कोअर पूर्ण जुंपलेला आहे आणि बाकीचे पाच मोकळे. मग पाच कोअर मोकळे असताना टायपिंग अडखळायला नको. ते अडखळतंय म्हणजे लेआउटचं सॉफ्टवेअर सीपीयूसाठी थांबलेलं नाही, दुसऱ्याच कशाच्या तरी उत्तराची वाट बघतंय.

म्हणून तीन गोष्टी सांगा. नोटपॅडमध्ये टाइप करताना असंच होतं का? हे सुरू झालं त्याच्या आगेमागे घरात किंवा मशीनमध्ये काय बदललं? आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये काय दिसतं?

शेवटचं असं बघायचं: स्टार्टमध्ये इव्हेंट व्ह्यूअर शोधा. डावीकडे ‘ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज’, त्यात मायक्रोसॉफ्ट, मग विंडोज, मग ‘डब्ल्यूएमआय ॲक्टिव्हिटी’, मग ‘ऑपरेशनल’. तिथे ५८५८ क्रमांकाच्या लाल नोंदी असतील. एकेक उघडा. मजकुरात ‘क्लायंट प्रोसेस आयडी’ असं लिहून पुढे एक आकडा असतो. तोच आकडा टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये पीआयडीच्या रकान्यात शोधा. विचारणारा सापडला. मधे रिस्टार्ट करू नका, हे आकडे दर वेळी बदलतात. आणि दोन-चार लाल नोंदी दिसल्या म्हणून घाबरू नका, धडधाकट मशीनवरही त्या असतात. एकच आकडा पुन्हा पुन्हा येतोय का, तेवढं बघा.

यूएमएफडी-० ची चिंता सोडा. तो कुणी माणूस नाही. फॉन्ट हाताळण्याचं काम विंडोज एका वेगळ्या, कमी अधिकाराच्या खात्याखाली करतं, म्हणजे एखादा बिघडलेला किंवा मुद्दाम बिघडवलेला फॉन्ट आला तरी त्याला सिस्टीमच्या गाभ्यात शिरता येऊ नये. त्या खात्याचं हे नाव. यूएमएफडी-१ पण दिसेल. हे तुमच्या संरक्षणासाठीच आहे.

---

ऐरोली_रात्रपाळी

नेरूळच्या दादांनी नीट सांगितलंय. एक भर घालतो. मी ऐरोलीत एका कंपनीत सर्व्हर सांभाळतो, अनोळखी प्रोसेस दिसली की आम्ही टास्क मॅनेजरऐवजी ‘प्रोसेस एक्सप्लोरर’ उघडतो. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांच्या सिसइंटर्नल्सचं हे साधन. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ती कंपनी घेतली, तेव्हापासून ते मायक्रोसॉफ्टच्याच साइटवर फुकट मिळतं. इतर कुठूनही उतरवू नका.

त्यात प्रोसेसची वंशावळ दिसते, कोणी कोणाला सुरू केलं ते. ऑप्शन्समधून ‘व्हेरिफाय इमेज सिग्नेचर्स’ लावलं की कोणत्या फाइलवर कोणत्या कंपनीची डिजिटल सही आहे तेही कळतं. व्हायरसटोटलची, म्हणजे एकच फाइल अनेक अँटिव्हायरसकडून तपासून देणाऱ्या साइटची तपासणीही तिथूनच होते. त्यात फक्त फाइलचा हॅश, म्हणजे तिच्यावरून काढलेला ओळख आकडा, पाठवला जातो. पण त्याच मेन्यूत अनोळखी फाइल स्वतःहून अपलोड करायचा वेगळा पर्याय आहे, तो लावू नका. आणि ताई, ग्राहकांच्या ताळेबंदाच्या पीडीएफ व्हायरसटोटलवर कधीच टाकू नका. तिथे चढवलेली फाइल इतर सुरक्षा कंपन्यांच्या हाती जाऊ शकते.

---

अक्षरजुळणी_चरई

दादा, खूप आभार. तुम्ही लिहिलंत तसंच बघत गेले.

फाइलचा पत्ता बरोबर निघाला, सिस्टीम३२ मधल्या डब्ल्यूबीईएममध्येच आहे. नोटपॅडमध्ये टायपिंग एकदम सुरळीत. मराठी, इंग्रजी, दोन्ही. ब्राउझरमध्येही काही त्रास नाही. अडखळतं ते फक्त लेआउटच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि लक्ष देऊन पाहिलं तर वर्डमध्ये फाइल उघडतानाही.

बदललं काय, यावर बराच विचार केला. नवीन काही टाकलेलं नाही. एक मात्र झालं, ब्रॉडबँड बदलला. जुन्या लाइनवाल्यांचा राउटर परत गेला, नव्या लोकांनी त्यांचा लावला. पण त्याचा टायपिंगशी काय संबंध असणार?

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये लाल नोंदींची रांग आहे. वेगवेगळे आकडे आहेत, पण एक आकडा पानभर तोच तोच. डिटेल्समध्ये शोधला तर माझ्या प्रिंटरबरोबर आलेल्या ‘स्टेटस’ दाखवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा निघाला. शाई किती राहिली, कागद अडकला का, हे कोपऱ्यात दाखवतो तो. त्याचं फोल्डर प्रोग्रॅम फाइल्समध्येच आहे, प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सही आहे, कंपनीचं नाव बरोबर आहे. म्हणजे व्हायरस नाही ना? मग हा असा का वागतोय?

---

नेरूळ_दुरुस्तीवाला

ताई, सापडलं. तुमच्या दोन्ही उत्तरांचा एकमेकांशी संबंध आहे.

प्रिंटर वायफायवर आहे ना? जुन्या राउटरनं त्याला एक आयपी पत्ता दिला होता, विंडोजनं तो पोर्टमध्ये लिहून ठेवला. नव्या राउटरनं घरातल्या सगळ्यांना नवे पत्ते वाटले, बहुधा आकड्यांची मालिकाच वेगळी. प्रिंटर नव्या पत्त्यावर राहायला गेला, विंडोज जुन्या पत्त्यावर हाका मारतंय. तो स्टेटसवाला प्रोग्रॅम प्रिंटरची अवस्था डब्ल्यूएमआयला विचारतो, धड उत्तर येत नाही, तो लगेच पुन्हा विचारतो. चांगल्या लिहिलेल्या प्रोग्रॅमनं दोन प्रश्नांमध्ये थांबायला हवं, हा थांबत नसावा. सही खरी आहे याचा अर्थ एवढाच, की ती फाइल त्या कंपनीनं बनवली आणि वाटेत कुणी बदलली नाही. ती नीट वागते याची हमी सही देत नाही.

आता टायपिंग. पानांचं काम करणारी सॉफ्टवेअर, वर्डसुद्धा, पानाची मापं आणि समास यांसाठी डिफॉल्ट प्रिंटरच्या ड्रायव्हरला (प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) विचारत असतात. तो प्रिंटर जागेवर नसेल तर उत्तराची वाट बघत अडकतात. नोटपॅडमध्ये टाइप करताना ही चौकशी होत नाही, म्हणून ते सुरळीत.

काहीही काढण्याआधी हे खरं आहे का ते तपासा. सेटिंग्जमध्ये ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’मध्ये जा. ‘लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर’ बंद करा, नाहीतर शेवटी वापरलेला प्रिंटर विंडोज आपणहून डिफॉल्ट करतं. मग ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ला डिफॉल्ट करा. लेआउटचं सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडा आणि तोच ताळेबंद हलवून बघा. टायपिंग सुटलं आणि सीपीयू तसाच राहिला, तर मी म्हणतो ते बरोबर.

---

अक्षरजुळणी_चरई

अगदी तसंच झालं!

डिफॉल्ट बदलला, सॉफ्टवेअर पुन्हा उघडलं, आणि ‘संस्थेच्या’ पूर्ण उमटलं, माझ्या बोटाबरोबर. रकाना सरकवला तर रेघ हाताखाली सरकते. डब्ल्यूएमआय मात्र १७ वरच होता, तुम्ही म्हणालात तसा. त्यानंतर तो स्टेटसवाला प्रोग्रॅम एंड टास्क केला आणि डिटेल्सकडे बघत बसले. डब्ल्यूएमआयचा आकडा घसरत शून्यावर आला आणि तिथेच राहिला. पंख्याचा आवाज बसला.

मग राहवेना, म्हणून इव्हेंट व्ह्यूअरच्या व्ह्यू मेन्यूत जाऊन ‘शो ॲनालिटिक अँड डीबग लॉग्ज’ लावलं, डब्ल्यूएमआय ॲक्टिव्हिटीखाली ‘ट्रेस’ नावाचा लॉग आला तो चालू केला, आणि तो प्रोग्रॅम मुद्दाम परत सुरू केला. त्याचे प्रश्न अक्षरशः वाचता आले. ‘सिलेक्ट स्टार फ्रॉम विन३२ प्रिंटर’, म्हणजे प्रिंटरची सगळी माहिती दे. पुढची ओळ तीच. त्याच्या पुढची तीच. वेळेच्या रकान्यात सेकंदाचा आकडा बदलत नव्हता आणि ओळी वाढत होत्या. इतके दिवस माझं मशीन हे एकच वाक्य ऐकत होतं.

पक्कं काम असं केलं. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमधून तो प्रोग्रॅम डिसेबल केला. जुना प्रिंटर विंडोजमधून काढला, नव्या पत्त्यासकट पुन्हा जोडला, पण या वेळी फक्त ड्रायव्हर घेतला, बरोबरची बाकीची सामग्री नाही. शाई किती आहे ते प्रिंटरच्या पडद्यावर दिसतंच. छापतो व्यवस्थित. सोसायटीच्या अहवालाचं प्रूफ काढूनच पाहिलं.

माझ्यासारखे घरून काम करणारे ठाण्या-नवी मुंबईत पुष्कळ आहेत. ब्रॉडबँड बदलणं हल्ली नेहमीचं झालंय, आणि राउटर लावून देणारा मुलगा वायफाय चाललं की निघतो. प्रिंटरकडे कुणी बघत नाही. इतक्या साध्या कारणासाठी लोकांची मशीन फॉरमॅट होत असणार, वर्षांची कामं पुसली जात असणार, याचं मला फार वाईट वाटतं. तंत्रज्ञांना विनंती आहे, फॉरमॅट सांगण्याआधी ‘काय बदललं?’ एवढं तरी विचारा.

दादा, पुढच्या वेळी राउटर बंद-चालू झाला तर पत्ता परत बदलेल का?

---

नेरूळ_दुरुस्तीवाला

बदलू शकतो. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएचसीपीखाली, म्हणजे पत्ते वाटण्याच्या भागात, ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ असतं. प्रिंटरचा मॅक ॲड्रेस (त्याचा कायमचा ओळख क्रमांक) तिथे टाकून पत्ता राखून ठेवा. काही राउटरना ते ‘स्टॅटिक लीज’ या नावानं असतं. ब्रॉडबँडवाल्यांनी राउटरचा पासवर्ड दिला नसेल तर मागून घ्या, तुमच्या घरातला आहे तो.

---

वाशी_सेक्टर९_काका

उत्तम चर्चा. माझ्या मशीनवर ‘सिस्टीम आयडल प्रोसेस’ सतत ९६ टक्के सीपीयू खाते आहे. बंद करू पाहिली तर होत नाही. हिला कोण विचारत असेल?

---

ऐरोली_रात्रपाळी

काका, ती काहीच खात नाही. प्रोसेसर किती रिकामा आहे ते ती दाखवते. ९६ म्हणजे फक्त ४ टक्के काम चालू आहे. तो आकडा जितका मोठा तितकं चांगलं. मशीन तरीही संथ वाटत असेल तर परफॉर्मन्सच्या टॅबमध्ये डिस्कचा आकडा बघा. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर विंडोज असेल तर सीपीयू रिकामा आणि डिस्क शंभरावर हे चित्र नेहमीचं. तिथूनच ‘रिसोर्स मॉनिटर’ उघडला की कोणती प्रोसेस कोणती फाइल वाचते आहे ते नावानिशी दिसतं. तो फोटो काढून नव्या धाग्यात टाका, बघू.

---

नेरूळ_दुरुस्तीवाला

ताई, एक राहिलं. तो ट्रेस लॉग बंद केलात ना? काम झाल्यावर चालू ठेवायचा नसतो, प्रत्येक प्रश्नाची नोंद होत राहते.

---

अक्षरजुळणी_चरई

हो, प्रश्न वाचून झाल्यावर लगेच राइट क्लिक करून डिसेबल केला, आणि व्ह्यू मेन्यूतली खूणही काढली. रिझर्व्हेशनसाठी ब्रॉडबँडवाल्यांकडे पासवर्ड मागितलाय. आता स्मरणिकेची पानं लावायला घेते.